डुरक्या घोणशीची पिल्लं जेवत नव्हती तेव्हा…

सोलापूरला आमच्या कॉलेजच्या झूऑलॉजी लॅबमध्ये एका सोमवारी सकाळी येऊन बघते तर काचेच्या पेटीत एकाची सात झालेली… बहात्तरच्या दुष्काळानंतरची दोन-तीन वर्षं असतील. मी नवी नवी डेमॉन्स्ट्रेटर होते, बावीस-तेवीस वर्षांची, आणि साप पिल्लं देतो हे पुस्तकात वाचलेलं असलं तरी डोळ्यांनी पहिल्यांदाच बघत होते.

आई म्हणजे डुरक्या घोणस. वैरागकडच्या एका शेतकऱ्यानं तोंड बांधलेल्या मडक्यातून आणून दिली होती. "पोरं घोणस म्हनून मारत व्हती बाई, पर ही इखारी न्हाय. लई गरीब हाय," म्हणाला आणि एसटी चुकेल म्हणून चहासुद्धा न घेता गेला.

पिल्लं झाल्यावर दोन दिवसांत आई गेली. राहिली सहा… वीतभर लांबीची, करंगळीपेक्षा बारीक. मला त्यांचा असा काही लळा लागला की विचारू नका.

आमचे विभागप्रमुख शिस्तीचे. त्यांनी वेळापत्रक करून दिलं, एक दिवसाआड सकाळी अकरा वाजता पांढऱ्या उंदराचं नुकतं जन्मलेलं पिल्लू. पेटीला एक कार्ड टांगलं, त्यावर खाल्लं की नाही ते मी लिहायचं. आणि एक सांगून ठेवलं… जे खात नाही ते जगत नाही, कुजून वाया जाण्यापेक्षा वेळेवर बरणीत गेलेलं बरं. बरणी म्हणजे फॉर्मलिनची. आमच्या म्युझियमला नमुने हवेच होते.

झालं. तिथून माझी झोप उडाली.

मी कार्डावर "नाही" लिहायला लागले. सोमवारी नाही, बुधवारी नाही, शुक्रवारी नाही. मग रोज द्यायला लागले, मग दिवसातून दोनदा. आमच्या घरात न जेवणाऱ्या पोरामागे वाटी घेऊन अंगणभर फिरायची पद्धत, मला दुसरं काय सुचणार… पेटी उघडायची, पिल्लू हातात घ्यायचं, त्याच्या तोंडासमोर घास नाचवायचा. ते तोंड फिरवायचं नाहीतर वेटोळं करून डोकं लपवायचं. घाण नको म्हणून मी त्यांना पांढऱ्याशुभ्र कापसावर ठेवलं होतं. लपायलाही जागा नव्हती बिचाऱ्यांना.

घरी मावशीला सांगितलं तर ती म्हणाली मोहरी-मिरचीनं दृष्ट काढ. हसले मी… पण खोटं कशाला सांगू, एक दिवस लॅबमध्ये मिरच्या घेऊन गेले होते. पर्समधून बाहेर काढायची हिंमत झाली नाही, एवढंच.

तीन पिल्लं एकेक करून गेली. चौथ्याला मी चिमट्यानं जबरदस्तीनं भरवलं. घास अर्धा आत गेला आणि ते माझ्या तळहातावरच मेलं. ते मी मारलं. याला दुसरा शब्द नाही.

पाचवं सरांनी बरणीत घातलं. मी अडवलं नाही.

लॅबमध्ये हुसेनमामा म्हणून अटेंडंट होते, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. इतके दिवस गप्प बसलेला माणूस त्या दिवशी बोलला. "बाई, रागावू नका. जेवताना कुनी सारखं दार वाजवलं तर तुमी जेवाल का? माती घाला, झाका, आन् आठ दिस बघू नका की."

बागेतली भुसभुशीत कोरडी माती त्यांनीच आणली. शेवटचं पिल्लू त्यावर ठेवलं तर क्षणात आत घुसलं, नाकाचं टोक तेवढं वर. त्याच आठवड्यात बार्शीला चुलतबहिणीचं लग्न होतं. जायच्या दिवशी मी मातीवर उंदराचं एक पिल्लू ठेवलं, झाकण लावलं आणि मामांना बजावून सांगितलं, मी येईपर्यंत कुणी उघडायचं नाही.

चौथ्या दिवशी परत आले. पेटी रिकामी… धुऊन पालथी घातलेली.

आदल्या दिवशी सर आले होते. खाल्लं का, असं त्यांनी मामांना विचारलं. मामा म्हणाले, बाईंनी उघडू नका म्हणून सांगितलंय, मी बघितलेलं नाही. मग सरांनी कार्ड बघितलं. वरपासून खालपर्यंत नाही, नाही, नाही… माझ्याच अक्षरात. जाताना ठेवलेला घास मी त्यावर लिहिलाच नव्हता. माती उकरली तर पिल्लू वेटोळं करून सुस्त पडलेलं. सर म्हणाले, हेही चाललंच.

नवी बरणी फळीवर होती. मी ती उजेडात धरली. पिल्लाच्या पोटाच्या मध्यावर बोराएवढा फुगवटा होता.

त्यानं खाल्लं होतं. शांतपणे, मातीत बसून, कुणी बघत नसताना खाल्लं होतं, आणि जेवून सुस्तावलं होतं.

सर वाईट नव्हते हो. त्यांनाही ते बरणीत घातल्यावरच दिसलं, आणि त्यानंतर कितीतरी दिवस ते माझ्याशी नीट बोलू शकले नाहीत. मामा मात्र समोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "बाई, मी उघडून बघाय पायजे व्हतं." मीच उघडू नका म्हटलं होतं, आणि माफी ते मागत होते. त्या माणसाचे उपकार मी जन्मात विसरणार नाही, कारण सहापैकी एकाच्या तरी पोटात घास गेला तो त्यांच्यामुळे.

पुढे त्याच कॉलेजात मी रिटायर होईपर्यंत शिकवलं. दरवर्षी प्रॅक्टिकलला ती बरणी टेबलावर यायची आणि कुणीतरी विचारायचंच, बाई, याचं पोट असं का? मी म्हणायचे, जेवलं होतं ते… आणि पुढचा नमुना हातात घ्यायचे. पुढचं सांगायला माझी जीभ कधी रेटली नाही. आज लिहून टाकलं.