गौरी ‘इट्स ओके’ म्हणालीच नाही

मैत्रिणींनो, शाळेतून आत्ताच आले. डोक्यात गोंधळ आहे, म्हणून आधी तुम्हालाच विचारते.

मी अकोल्यात एका सेमी-इंग्लिश शाळेत चौथीला शिकवते. आज आमचा भावनांचा तास होता. विषय माफीचा. एकाने ‘सॉरी’ म्हणायचं, दुसऱ्याने ‘इट्स ओके’.

वर्गात गौरी आहे. तिच्या पायांत ताकद कमी, त्यामुळे ती वॉकर घेऊन चालते. सकाळी प्रार्थनेनंतर वेदांतने तिच्या चालण्याची नक्कल केली आणि पोरं हसली. मला वाटलं, आत्ताच मिटवून टाकू. दोघांना पुढे बोलावलं.

वेदांत ‘सॉरी’ म्हणाला, अगदी मनापासून. गौरी वॉकर धरून खाली बघत राहिली.

मी म्हटलं, "इंग्लिश नको वाटते का बेटा? मराठीत ‘असू दे’ म्हण."

ती म्हणाली, "मॅडम, मी कावून असू देऊ? मले अजून वाईट वाटून राहिलं."

वेदांत रडायला लागला. मी त्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मग बघितलं तर गौरी तिथेच एकटी उभी होती. तेवढ्यात बेल झाली, आणि ती जागेवर गेली.

‘मनातलं खरं सांगा’ हे मीच मुलांना शिकवते. मग तिने खरं सांगितलं, तेव्हा मी का अवघडले? आणि वेदांतही खोटं रडत नव्हता हो.

उद्या दोघं पुन्हा माझ्यासमोर असतील. तुम्ही असता तर आधी कोणाजवळ गेला असता?