न टोचलेलं पोर

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. आईला अर्धं माहीत आहे, पण तिला वाटतं त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही आमच्या वस्तीतले नाही. एवढंच कारण.

मेहकरच्या कडेला उतारावर आमची वस्ती. भाजी विकणारी, हमाली करणारी, खेड्यांतून आलेली माणसं. लसीची सिस्टर आली की आमच्या गल्लीची दारं लागायची. एका घरचं बाळ सुईनंतर रात्रभर तापलं होतं — तसा ताप येतो, तो उतरलाही — पण तेवढं पुरलं. माझ्या सासूबाईंनी सांगून टाकलं, आमच्या नातवाला कुणी हात लावायचा नाही. त्यांचा शब्द गल्लीत चालायचा. घरात तर चालायचाच.

मी भांडले नाही. माझं माहेर जानेफळ. लसीची वेळ आली की मला आईची आठवण यायची, असं म्हणा. तिथं माझ्या आदूला टोचून आणायचं, ताप उतरेपर्यंत राहायचं, मग मेहकरची बस धरायची. तुम्ही म्हणाल, यात वाईट काय? काहीच नाही. इथवर मी शहाणी होते.

आदू गुटगुटीत निघाला. सासूबाई त्याला कडेवर घेऊन सिस्टरसमोरच उभ्या राहायच्या — बिनसुईचं पोर पाहून घ्या म्हणून. बाया हसायच्या. मीही हसायचे. आधी भीतीनं, आणि नंतर — खरं सांगायचं तर — मला ते आवडायला लागलं. काय खाऊ घालतेस, असं बाया मला विचारायच्या. मी ज्वारीची पेज सांगायचे. नव्या सुनेला एवढा मान कोण देतं?

संगीता आमची शेजारीण, मधे एकच भिंत. बाजारात आम्ही दोघी शेजारी शेजारी भाजी मांडायचो. तिची गुड्डी आदूहून थोडी लहान. एका दुपारी संगीता घरी आली. सासूबाई घरात नव्हत्या — हे मी लपवणार नाही. घरात आम्ही दोघीच होतो.

"मले खरं सांग वो," ती म्हणाली, "आदूले एकबी सुई देल्ली नाही तुनं? सिस्टर उद्या येऊन राह्यली. गुड्डीले नेऊ का नाही, सांग."

एक शब्द पुरला असता. तिनं तो कुणाला सांगितलाही नसता. मी म्हणाले, "जन्माच्या वेळची सोडली तं एकबी नाही. पाह्य ना, कसा हाय तो."

का म्हणाले? भीती म्हणावी, तर त्या वेळी भीती वाटल्याचं आठवत नाही. मी डाळ निवडत होते. हात थांबला नाही, एवढं आठवतं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली, तेव्हा संगीताचंही दार लागलेलं होतं. मग गोवराची साथ आली. गुड्डीच्या अंगावर पुरळ उठलं. आमच्याकडे गोवर निघाला की देवी आली म्हणतात — दाराला कडुलिंबाचा पाला लावतात, घरात फोडणी देत नाहीत. संगीताची फोडणी बंद झाली. भिंतीपलीकडे वास जायला नको म्हणून मीही बंद केली. आम्ही साधं वरण खात होतो. गुड्डीसाठी मी केलं ते इतकंच. आदू दारात खेळत होता.

ताप हटेना, कान वाहायला लागले, तेव्हा तिला दवाखान्यात नेलं. उशीर झाला होता. पोरगी वाचली, पण ऐकू येणं गेलं. दोन्ही कानांचं.

मला रडू आलं नाही. लाज वाटते म्हणू? वाटायला हवी. आत हात घालून पाहते तर काही लागत नाही — सगळं बधिर. सासूबाई वारल्या त्यालाही आता बराच काळ झाला. तेव्हा कुणाला भिऊन गप्प आहे, हेही मला सांगता येत नाही.

हल्ली संगीता सिस्टरबरोबर दारोदार फिरते. मलाही सोबत नेते. गुड्डीला पुढे करून सांगते, मी ऐकलं नाही, माझ्या लेकीचे कान मीच घालवले. ऐकणाऱ्या बऱ्याच जणी लेकरं उचलून निघतात. आमच्या गल्लीची दारं तिनं उघडली. मी नुसती बाजूला उभी असते.

परवा एका घरी, नुकत्याच बाळंत झालेल्या एका पोरीनं माझ्याकडे बोट दाखवलं. यांच्या आदूला तर लस नव्हती म्हणतात, मग त्याला कुठं काय झालं?

उत्तर संगीतानंच दिलं. "त्याले देवानं वाचवलं, बाई. सगळ्याईच्याच लेकराईले नाही वाचवत तो. तू घेऊन जाय."

मग तिनं माझ्याकडे पाहिलं — खरं ना, अशा नजरेनं. आई पाहते तिकडे गुड्डी पाहते. तिनंही पाहिलं.

मी मान हलवली. हो म्हणून.