अडचणींचा रकाना

आमच्या गल्लीत कोणाला अर्ज करायचा असला की तो नीटकाकूंकडे जायचा, आणि अर्जाबरोबर दोन-चार बोल फुकटात घेऊन परत यायचा. "नीट बस. नीट सांग. कागद नीट धर, भाजी नाहीये ती." म्हणून नीटकाकू. शाळेच्या कचेरीत तीस वर्षं कारकुनी करून त्या निवृत्त झाल्या होत्या, पण कारकुनी त्यांच्यातून काही निवृत्त झाली नव्हती. नळाचा अर्ज, दाखल्यातल्या नावाची दुरुस्ती, थकलेली पेन्शन, सगळं त्या लिहून द्यायच्या. एक पैसा घ्यायच्या नाहीत. घेतला असता तर बरं झालं असतं, निदान उलट बोलता तरी आलं असतं!

रविवारी सकाळी त्यांच्या घरी गर्दी असायची. खिडकीशी टेबल, त्यावर मेणकापड, शाईची दौत, लाकडी पट्टी आणि टाचण्यांची पत्र्याची डबी. पट्टीने समास आखल्याशिवाय त्या पहिलं अक्षर काढायच्या नाहीत. अर्जाची दुसरी प्रत लिहायचं काम माझं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, गणितात दोनदा आपटलेली आणि अक्षर मात्र मोत्यासारखं. समोरच राहायचो आम्ही. काकूंनी मला हाक मारली की आई म्हणायची, "जा बाई, जा. तिथे तरी उपयोगाची हो."

आता साठी उलटली माझी. पण अजून कुठे शाईचा वास आला की मला ते टेबल आठवतं, आणि खरं सांगते, मी दोन मिनिटं तिथेच थांबते. तेव्हा मात्र मला त्या बाईचा असा राग यायचा, की काय सांगू!

त्याचं कारण एक छापील फॉर्म. वस्त्यांच्या विकासासाठी अनुदान देणारं एक कार्यालय होतं. त्यांच्या योजनेत घरगुती रुग्णसेवेचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला नर्स तेच पाठवणार, खाटा आणि सामान तेच देणार, आणि शेवटी प्रमाणपत्र. त्या प्रमाणपत्रावर इस्पितळात मदतनिसाची नोकरी मिळायची. नाहीतर माझ्यासाठी वडिलांनी पुठ्ठ्याच्या खोक्यांचा कारखाना बघून ठेवला होता. माझी आत्या तिथे होती. दिवसभर खोकी दुमडून तिची बोटं सरळ व्हायची बंद झाली होती. त्यामुळे तो फॉर्म म्हणजे माझं सगळं काही होतं.

आमच्या वस्तीचं एक मंडळ होतं आणि शिंपीमामा त्याचे अध्यक्ष. त्यांनी फॉर्म अर्थातच नीटकाकूंकडे दिला. सगळे रकाने त्यांनी झरझर भरले. लोकसंख्या, घरं, वाचनालयाच्या खोलीची लांबी-रुंदी. मग आला सातवा रकाना, 'वस्तीच्या अडचणी व गरजा.' काकूंनी पेन बुडवलं आणि लिहिलं, "आमच्या वस्तीत विशेष अडचण नाही. लोक कष्टाळू, स्वच्छ व स्वाभिमानी आहेत."

मी म्हटलं, "काकू, अडचण नाही म्हटलं तर ते कशाला देतील?"

"म्हणून काय चारचौघांत आपली लक्तरं टांगायची? झाकली मूठ सव्वा लाखाची. तू दुसरी प्रत लिही."

नियमच होता, की अर्ज वस्तीच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवायचा आणि किमान तीस मोठ्या माणसांच्या सह्या घ्यायच्या. काकूंनी वाचून दाखवला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. स्वतःची स्तुती कोणाला नको असते? एका महिन्याने अर्ज परत आला. शेरा होता, 'गरज स्पष्ट होत नाही.'

दुसऱ्या वर्षी काकूंनी पुन्हा तेच लिहिलं आणि वर एक वाक्य वाढवलं, "तथापि प्रशिक्षण मिळाल्यास हरकत नाही." हरकत नाही! शिंपीमामांनी कपाळाला हात लावला. "अहो वहिनी, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही."

"मला रडता येत नाही," काकू म्हणाल्या. अर्ज पुन्हा परत आला.

तिसऱ्या वर्षी त्या कार्यालयातल्या एक बाई स्वतःच बघायला आल्या. झालं! काकूंनी आदल्या दिवशी गल्ली झाडून घेतली, वाळत घातलेले कपडे काढायला लावले, आणि दूधवाल्याच्या पांगळ्या होऊन पडलेल्या आईचं दार लोटून घ्यायला सांगितलं. पाहुण्या बाई गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या आणि म्हणाल्या, "फार छान वस्ती आहे हो तुमची. मग आमची गरज तरी काय?" मी मागे उभी होते. वाटलं, आत्ताच्या आत्ता ओरडावं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी माझी गत.

पण बाई सज्जन होत्या. निघताना काकूंच्या टेबलाशी थांबल्या, पिशवीतून दोन्ही जुन्या अर्जांच्या प्रती काढल्या आणि म्हणाल्या, "अक्षर इतकं सुंदर आहे की फेटाळताना वाईट वाटतं. पण बाई, या अर्जात मला एक माणूस दिसत नाही. हे शिक्षण इथे नव्हतं म्हणून ज्याला काही सोसावं लागलं, असा एक जरी असेल तर त्याच्याबद्दल लिहा. योजनेचं हे शेवटचं वर्ष आहे. महिनाअखेरपर्यंत पाठवा."

बाई गेल्यावर काकू शाईची दौत पुसत बसल्या. दौत स्वच्छच होती.

मला कळेना, की एवढं काय अवघड आहे. मी त्याच संध्याकाळी तावातावाने गेले. "दूधवाल्याकडच्या आजींचं लिहा ना! त्यांना कुठे वाचायचंय? नाहीतर आमच्या आजीचं लिहा, ती गेली आता. तुम्हाला फक्त तुमची ऐट सांभाळायची आहे, आणि मी जाते खोकी दुमडायला!" असं तोंडावर बोलले मी. त्या वयात जिभेला हाड नसतंच, आणि माझ्या तर आजही नाही.

मला वाटलं, आता कानाखाली बसते. पण त्या एवढंच म्हणाल्या, "दुसऱ्याचं दुखणं मी का म्हणून लिहू?" आणि मला घरी पाठवलं. दुसरी प्रत लिहायला काही बोलावलं नाही. आठ दिवस त्यांची खिडकी बंद. रविवारी आलेली माणसं दारावरूनच परत गेली. आई म्हणाली, "काय बोललीस तू त्यांना?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

इथे काकांबद्दल सांगायला हवं. नीटकाकूंचे यजमान त्याच्या सहा वर्षं आधी गेले होते. अंगावरून वारं गेलं आणि अकरा महिने अंथरुणावर होते. त्या अकरा महिन्यांत काकूंनी केलेली सेवा म्हणजे आमच्या वस्तीचा दाखला. घरात फिनेलचा वास, काकांच्या अंगावर परीटघडीची चादर, तिला सुरकुती नाही. कोणाला खोलीत फार वेळ थांबू द्यायच्या नाहीत. "त्यांना विश्रांती हवी." काका गेले तेव्हा शिंपीमामा सगळ्यांसमोर म्हणाले होते, "सेवा करावी तर वहिनींसारखी." पुढे आमची आजी आजारी पडली तर वडील आईला उठता-बसता ऐकवायचे, "समोर बघ जरा. शीक काहीतरी." आई मुकाट्याने ऐकून घ्यायची आणि भांडी आदळायची.

महिना संपायला दोन दिवस होते तेव्हा काकूंनी सभा बोलावली. वाचनालयाच्या खोलीत बाकं कमी पडली, माणसं खिडकीबाहेर उभी राहिली. काकू इस्त्रीच्या साडीत आल्या, चष्मा लावला, अर्ज उघडला. पहिले सहा रकाने नेहमीच्या खणखणीत आवाजात वाचले. मग सातवा.

"अडचण," त्यांनी वाचलं. "माझे पती अकरा महिने अंथरुणाला खिळून होते. त्यांना हलवलं की त्यांना दुखायचं. म्हणून मी त्यांना हलवलं नाही, आणि दुसऱ्या कोणाला हलवू दिलं नाही. मला वाटायचं, मी त्यांना सुखात ठेवते आहे. चौथ्या महिन्यात पाठीला जखम झाली. मी पावडर लावली. जखम वाढली. मी कोणाला सांगितलं नाही. वास येऊ नये म्हणून फिनेल वापरलं. डॉक्टर यायचे तेव्हा मी चादर गळ्यापर्यंत ओढून ठेवायची, कारण लोक माझं कौतुक करत होते."

कचेरीत एखादं परिपत्रक वाचावं तशा काकू वाचत होत्या.

"शेवटी डॉक्टरांनी पाठ पाहिली तेव्हा उशीर झाला होता. ते म्हणाले, हे आजाराने नाही, जखमेच्या विषाने गेले. पडून असलेल्या माणसाला दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं असतं, हे मला पती गेल्यावर कळलं. मी शिकलेली आहे. तीस वर्षं कचेरीत काम केलं. तरी मला हे माहीत नव्हतं. शेजारी कोणाला विचारलं असतं तर त्यांनाही माहीत नव्हतं. या वस्तीत आजही चार माणसं अंथरुणावर आहेत. ही आमची अडचण आहे."

त्यांनी चष्मा काढला, अर्ज टेबलावर ठेवला आणि पेन त्याच्या बाजूला. म्हणाल्या, "सह्या लागतील. तीस."

कोणी हलेना. मला त्या दिवशीचं माझं बोलणं आठवलं. ऐट म्हणाले होते मी! जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

सगळ्यात आधी माझी आई उठली. ती सहीला गेली नाही, थेट काकूंसमोर जाऊन उभी राहिली आणि चक्क रागावली. "एवढं एकटीने कशाला गिळलंत हो? मी समोर राहत होते ना! एक हाक मारायची होती. मला काही येत नव्हतं, पण तुमच्याजवळ बसले तरी असते!" आणि बोलता बोलता तीच रडायला लागली. काकूंना खरोखरच रडता येत नव्हतं. त्या आईच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "बरं, बरं. आता सही कर. रेघेच्या वर जाऊ नकोस."

शिंपीमामांनी दुसरी सही केली. खाली मान घालून, फार सावकाश. मग रांग लागली. एक्केचाळीस सह्या झाल्या. दूधवाला सही करून गेला आणि घरी जाऊन आईचं तेव्हापासून लोटलेलं दार उघडून आला.

अनुदान मिळालं. तीन महिन्यांनी खाटा आल्या, गाद्या, उशा, एक लोखंडी कपाट, आणि शिकवायला एक जाडजूड, हसऱ्या सिस्टर. बावीस मुलींची नावं पटावर होती, त्यात माझं पहिलं. काकूंनी हजेरी घ्यायचं काम स्वतःकडे घेतलं. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायच्या.

पहिला धडा पडून असलेल्या माणसाला कुशीवर वळवण्याचा. सिस्टर म्हणाल्या, "कोणीतरी पेशंट व्हा." आम्ही एकमेकींना ढकलत खिदळायला लागलो. सिस्टर नवीन होत्या, त्यांना काही ठाऊक नव्हतं. काकू उठल्या, चपला काढल्या आणि खाटेवर उताण्या पडल्या. आमचं हसू जागच्या जागी थांबलं.

सिस्टरनी मला पुढे बोलावलं. "पलीकडचा गुडघा दुमड. एक हात खांद्यावर, एक कमरेवर. ओढायचं नाही, आपल्याकडे अलगद वळवायचं. हं. आता पाठीला उशी, एक गुडघ्यांच्या मध्ये. झालं."

एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. काकूंचं तोंड माझ्याकडे होतं, अगदी जवळ. माझा हात त्यांच्या खांद्यावर. त्यांनी हळूच विचारलं, "एवढंच होतं?"

सिस्टर पाठमोऱ्या होत्या, त्यांना वाटलं मी विचारलं. "हो, एवढंच," त्या म्हणाल्या. "चला, पुढची."

काकू उठल्या नाहीत. त्या दिवशी बावीसच्या बावीस मुलींनी त्यांना वळवलं, या कुशीवर, त्या कुशीवर. प्रत्येकीला सिस्टरनी शिकवलं होतं की पेशंटला विचारायचं, म्हणून प्रत्येक मुलगी विचारायची, "काकू, दुखलं का?"

"नाही गं," त्या दर वेळी सांगायच्या. "अजिबात दुखत नाही."