हिंगण्याच्या गाडीचा मेळ

आमच्या यजमानांना गणिताचं भारी वेड. आणीबाणी उठल्यानंतरची गोष्ट. ते शहर बसच्या ऑफिसात वेळापत्रकं बनवायचे. तोवर गाड्या मनाला येईल तेव्हा सुटत. यांनी नवीन पद्धत काढली. सकाळी गाडी ज्या मिनिटाला सुटेल, त्याच मिनिटाला ती दर तासाला सुटायची. लोकांना पाठ करायला सोपं. कॉलेजातल्या एका सरांकडून समीकरणं समजून घेत आणि रविवारभर घरात कागद पसरून बसत. मला कौतुकच होतं, खोटं कशाला बोलू!

मी तेव्हा हिंगण्याला एका कारखान्यात गोळ्या पाकिटात भरायच्या कामावर होते. नोकरी टेम्परवारी. उशीर झाला की गेट बंद, आणि खाडे पडले की कायम व्हायचं विसरा. घरून एका बसनं शहराच्या मधोमध बर्डीच्या स्टँडवर यायचं, तिथून हिंगण्याची गाडी.

नवीन वेळापत्रक लागलं त्या सकाळी बर्डीवर उतरले, तर हिंगण्याची गाडी डोळ्यांदेखत निघून गेली. म्हटलं, पहिला दिवस आहे, होतं असं. दुसऱ्या दिवशीही तेच. जुन्या भोंगळ कारभारात गाडी कधी मिळे, कधी चुके. आता नेमानं चुकायला लागली. तासभर आधी निघावं तर शाळेची वेळ होईस्तोवर लेकरू कोणाच्या भरवशावर टाकू? हे तर पहाटेच डेपोत जात.

रात्री जेवताना म्हटलं, "अजी, हिंगण्याची गाडी जराशी मागं सारा ना."

"नाही जमत वं. ते सारली का तिकडून येणाऱ्याइची स्टेशनवाली चुकते. दोन्हीकडं माणसं सारखीच. एक मेळ तुटतेच, गणितच तसं हाय."

"मंग माहाच काहून तोडला?"

"दुसरा तोडला असता तं ऑफिसातले म्हणाले असते, बायकोसाठी वेळापत्रक बनवलं."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हणजे पेन्सिल फिरवतानाच यांना माहीत होतं! घरात, माझ्यासमोर बसून, माझाच चहा पीत. त्यांच्या नावाला डाग नको म्हणून माझ्या पोटावर पाय. आजही आठवलं की राग येतो.

सुपरवायझरनं थोडे दिवस सांभाळून घेतलं, मग कामावरून काढलं. पुढं एका संध्याकाळी हे पेढे घेऊन आले. साहेबांनी पाठ थोपटली होती. "एकही तक्रार नाही आली," म्हणाले.

"कशी येईन? तक्रार करणारी तं तुमच्याच घरी पोळ्या लाटून राहिली."