साडूंच्या टाकीतले दाणे

सांडपाण्यावर इतका जीव लावणारा माणूस साऱ्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि तो नेमका माझ्या वाट्याला साडू म्हणून आला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, हे यजमान. ढोकीच्या पुढं एका दूध डेअरीत सांडपाण्याचा प्लांट सांभाळतात. बाहेर येणारं पाणी नुसतं हुंगून आत आज श्रीखंड झालंय की तूप कढवलंय, हे ते सांगतात. खिशात कायम एक बाटली, तीत पिवळट पाणी आणि तळाला बारीक गोल दाणे. एका लग्नात भर पंगतीत त्यांनी ती शेजारच्या गृहस्थांपुढं धरली. "राळं हायत का?" गृहस्थांनी विचारलं. "जिवाणू हायत. डेअरीचं पाणी खाऊन जगत्यात," साडू म्हणाले. गृहस्थ ताट उचलून दुसऱ्या रांगेत जाऊन बसले. साडूंना त्याचं काही वाटलं नाही. ते माझ्याकडं वळले.

हा नाद लागला तो एका आजींमुळं. त्यांचं शेत डेअरीच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी. तेव्हा प्लांटमधला जिवाणूंचा गाळ कापसासारखा हलका असायचा, तळाला बसायचाच नाही, आणि पाण्याबरोबर ओढ्यात जायचा. एकदा आजी आपल्या विहिरीचं पाणी तांब्यात घेऊन गेटवर आल्या. "घ्या साहेब, प्या," म्हणाल्या. साडूंनी हुंगलं आणि तांब्या खाली ठेवला. "न्हाय पिऊ शकत, आजी." "मग म्या काय करू?" एवढंच विचारून त्या निघून गेल्या. साडू त्या दिवशी जेवले नाहीत. मग कुठंकुठं वाचून, लोकांना विचारून त्यांनी मॅनेजरकडं एक टाकी मागून घेतली. टाकीत पाणी भरायचं, खालून हवा सोडायची, मग हवा बंद करून थोडकाच वेळ थांबायचं. तेवढ्यात जो गाळ तळाला बसेल तो ठेवायचा, जो तरंगेल तो वेगळ्या खड्ड्यात काढून टाकायचा. असं कित्येक महिने केल्यावर जिवाणू एकमेकांना धरून राहिले आणि गाळाला दाणे आले. हे दाणे झटकन खाली बसतात, वर नितळ पाणी उरतं. आजींच्या विहिरीचा वास हळूहळू गेला.

त्यातले थोडे दाणे साडूंनी घरी न्हाणीघराशेजारी ड्रममध्ये ठेवले आणि त्यांना माशांच्या पेटीचा पंप लावला. लाईट गेली की सायकलच्या पंपानं हवा भरायची. मी पाहुणा म्हणून जेवायला गेलो तरी आधी माझ्या हातात पंप यायचा. "पाहुणं, जरा दमानं. घाबरायलेत ते." अक्का भाकरी थापता थापता म्हणायच्या, "मासे पाळले असते तर निदान पोरांनी बघितले असते."

मग एका दिवाळीच्या गडबडीत कुणीतरी मशिनी धुतलेलं कॉस्टिक सोड्याचं पाणी एकदम प्लांटकडं सोडून दिलं. एरवी साडू ते वेगळं साठवून थोडं थोडं घेत. सकाळी टाकीवर पांढरा फेस होता आणि दाणे फुटून त्यांचा पुन्हा कापूस झाला होता. साडूंनी पहिल्यांदा ओढ्याकडं जाणारा व्हॉल्व्ह बंद केला.

"दूध यायलंय," मॅनेजर म्हणाले. "पाणी कुठं ठेवू मी?"

"दूध दुसऱ्या डेअरीला पाठवा."

"नोकरी जाईल तुमची."

"जाऊ द्या. पण हे पाणी मी आजींच्या विहिरीकडं सोडणार न्हाय."

मॅनेजरनी वाकून टाकीतला फेस बघितला. मग त्यांनी फोन काढला आणि दुधाच्या गाड्या दुसरीकडं वळवल्या.

साडू घरी येईनात, म्हणून अक्का आणि मी डबा घेऊन गेलो. ते टाकीच्या कठड्यावर बसले होते. "तळाला थोडे उरलेत," म्हणाले. अक्कांनी वाकून पाण्यात बघितलं. "जगतील का?" त्यांनी इतक्या हळू विचारलं, की मला दवाखान्यात आल्यासारखं वाटलं. "सांगता येत न्हाय," साडू म्हणाले. पुढं कितीतरी दिवस ते त्या दाण्यांना डेअरीचं पाणी पातळ करून, बेताबेतानं देत राहिले. उन्हाळ्याच्या तोंडाला टाकी पुन्हा दाण्यांनी भरली.

यंदा लातूरकडच्या एका डेअरीची माणसं आली. त्यांनाही तशी टाकी करायची होती आणि त्यासाठी विरजण हवं होतं. साडूंनी मागं-पुढं न बघता टँकरभर दाणे दिले. मी तेव्हा तिथंच होतो. टँकर निघताना ते ड्रायव्हरजवळ गेले आणि म्हणाले, "वाटंत जेवायला थांबू नको. ह्यांना हवा लागती." ड्रायव्हरनं मान हलवली. टँकर रस्त्याला लागला, वळणावर दिसेनासा झाला.

"चला, चहा घेऊ," मी म्हणालो.

"तुम्ही व्हा पुढं."

मी टपरीवर जाऊन मागं वळून बघितलं. टँकरमधून ठिबकलेल्या पाण्याची एक ओली रेघ डांबरावर पडली होती. साडू तिच्याजवळ उभे होते, ती पार वाळेपर्यंत.