जुन्या गल्लीतली चौकशी

पहिला फटका बसला तेव्हा नव्या भाडेकरूची बायको आणि मी शिलाई मशीन जिन्यातून वर चढवत होतो. खाली फाटकाशी मोटारसायकलवरून दोघे उतरले. एकाने सामानाच्या टेम्पोतलाच लोखंडी पाइप उपसला आणि भाडेकरूच्या पाठीत घातला. तो गुडघ्यांवर पडला. दुसऱ्याने बुटाने त्याचं तोंड फाटकावर दाबलं. "पळून जातो व्हय रे?"

सावकाराची माणसं. भाडेकरू कामाला होता तो टॉवेलचा कारखाना बंद पडल्यापासून त्याचे हप्ते थकले होते. खोली बघायला आला तेव्हा त्याने ते आपणहून सांगितलं आणि सासूबाईंनी तिथंच नाक मुरडलं. मी हट्टाला पेटले. जो न विचारता खरं सांगतो, त्याला नाही तर कुणाला खोली द्यायची? बरेच दिवस घरात धुसफूस चालली. शेवटी सासूबाई म्हणाल्या, "आधी चौकशी करा. मग बघू."

चौकशी हे सासऱ्यांचं खातं. आमच्याकडे कागदपत्रं कुणी बघत नाही. भाडेकरूच्या जुन्या गल्लीत जायचं, किराणा दुकानाच्या पायरीवर बसायचं आणि लोक काय बोलतात ते ऐकायचं. सासरे खुशीत परत आले. माणूस सरळ, दारू नाही, बायको कष्टाळू. सासूबाई कशाबशा तयार झाल्या.

पण सासऱ्यांच्या पोटात काही राहत नाही. तिथं ते काय बोलून आले, ते मला त्या पाइपवाल्याकडून कळलं. फाटकाशी उभ्या सासऱ्यांकडे बोट दाखवून तो हसला. "ह्या काकांनीच दुकानात सांगितलं की. सात रस्ता चौकाच्या मागं, आमच्या घरी ऱ्हायला येत्यात म्हणून. लई उपकार झाले, काका."

पाइप पुन्हा उठला. बायको मशीन सोडून धावली, मध्ये पडली, तर तिला केसांना धरून भिरकावलं. माझं डोकंच फिरलं, मीही खाली धावले. टेम्पोत पाटा-वरवंटा होता. वरवंटा उचलला आणि पाइपवाल्याच्या मनगटावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज आला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? गल्ली गोळा झाली तसे दोघे शिव्या देत पळाले.

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मला वाटलं, आता हाकलणार. पण त्या कडाडल्या, "सामान वर न्या. बघते आता कोण येतंय!" माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

भाडेकरूने चूळ भरली. चुळीबरोबर दात पडला. "नको मावशी," तो म्हणाला. "त्यांना घर कळलंय."

मशीन खाली आली. टेम्पो पुन्हा भरला. सासरे फाटकाला धरून उभे होते. त्यांना खरोखरच काळजी वाटत होती.

"मग आता कुटं जाणार, बाबा?" त्यांनी विचारलं.

तो सांगायला गेला. बायकोने त्याच्या रक्ताळलेल्या तोंडावर हात दाबून धरला.