कोंडूचं पाळण्यातलं नाव

आमच्या अंधेरीत शुक्रवारी हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की कोणीतरी हमखास म्हणतं, "सुमतीबाई, तुमच्या कोंडूच्या नावाचं सांगा ना." एक सांगायला जावं तर मागून दुसरं आठवतं, आणि चहा निवून जातो.

आधी कोंडू का, ते सांगते. माझी पहिली दोन मुलं पाळण्यात फार दिवस राहिली नाहीत. ही झाली तेव्हा जिवतीला नवस बोललेच, शिवाय सासूबाईंच्या सांगण्यावरून एक रीतही केली. वेसाव्याची जानकीबाई आमच्याकडे मासळी घेऊन यायची. तिच्या सुपात लेक घातली, म्हणजे पोर तिची झाली. मग सूपभर कोंडा देऊन ती तिच्याकडून विकत घेतली. कोंड्याच्या मोलाची पोर, तिला कोण दृष्ट लावणार? जानकीबाईनं बजावलं, हाक कोंडू अशीच मारायची. अन् मला तर ती हाक इतकी गोड लागायची!

ह्यांची मात्र पंचाईत. ऑफिसात पेढे वाटले, तर साहेबांनी मुलीचं नाव विचारलं. हे म्हणाले, "अंडर कन्सिडरेशन आहे, सर."

माझं मागणं एवढंच, की पाळण्यातलं नाव असं असावं, ज्याच्या सावलीत कोंडू ही हाक सुखानं नांदेल. मी मनाशी कुंदा धरलं होतं. भटजींनी पत्रिका मांडली आणि अक्षर काय निघावं? क! मी तिथल्या तिथे जिवतीला हात जोडले.

पण नाव ठेवायचा मान आत्याचा. घाटकोपरहून वन्सं आल्या त्या ठरवूनच. "क ना? मग कल्पना. घरी कल्पू म्हणायचं. कोंडू काय, मुलगी आहे की गिरणीतलं पोतं?"

जिवतीच्या मनात असेल तसं होईल, असं म्हणून मी गप्प बसले. सासूबाई हळूच म्हणाल्या, "तू गप्प बसलीस की मला जिवतीची काळजी वाटते."

वन्संनी घरभर कल्पू सुरू केलं. दूधवाल्या भय्याकडूनही वदवून घेतलं. एका दुपारी पोर रडून लाल झाली. वन्सं तिला मांडीवर घेऊन कल्पू, कल्पू करून दमल्या. मी आत शेगडीपाशी कान देऊन होते. जरा वेळानं अगदी दबक्या आवाजात ऐकू आलं, "गप गं कोंडू, मेली आई कुठे गेली तुझी?"

मी बाहेर गेलेच नाही.

बारशाला पाळणा सजला, घुगऱ्या झाल्या, बायका वन्संच्या पाठीवर धपाटे घालायला हात उगारून उभ्या. एवढ्यात जानकीबाई आत आली. आज डोक्यावर पाटी नव्हती. हातात सूप होतं, काठोकाठ कोंड्यानं भरलेलं. पोरीची हाक बदलणार, हे तिला भय्याकडून कळलं होतं. सूप तिनं पाळण्याखाली ठेवलं.

"घे तुजा कोंडा, बाय. माजी पोर दे."

हे वन्संकडे बघायला लागले, वन्सं माझ्याकडे. मी पुढे होऊन बोलले. "वन्सं, पोर हिची झाली तर नावही हिचीच नणंद ठेवणार."

वन्सं वाकल्या. कुर्र करून एका कानात कुंदा म्हणाल्या. धपाटे पडले, बायका हसल्या. जानकीबाई हलली नाही.

वन्सं पुन्हा वाकल्या. पोरीच्या दुसऱ्या कानाशी तोंड नेलं. काय बोलल्या, ते पाळण्याला टेकून उभ्या असलेल्या जानकीबाईलाच काय ते ऐकू गेलं असेल.

तिनं सूप उचललं आणि कोंडा घेऊन घरी गेली.